देज कोणी घ्यायचं

सत्काराची शाल अजून खांद्यावरच होती आणि शिल्पा मॅडम सभागृहाच्या मागच्या व्हरांड्यात थिजून उभ्या होत्या. समोर वसतिगृहातल्या पुनमचा बाप, जामसिंग पावरा. शिरपूरकडच्या डोंगरातून पहाटेची एसटी धरून तो जळगावला आला होता. त्यानं धोतराच्या सोग्यात बांधलेली चांदीची जाड साखळी सोडली आणि दोन्ही हातांनी मॅडमपुढं धरली.

"पुनमनं देज शे," तो म्हणाला. "तुम्हीच लेवा."

आत्ताच कुलगुरूंचं माइकवर ‘आदिवासी आणि ग्रामीण मुलींचा आधार’ असं काय काय म्हणून झालं होतं. त्या कौतुकाचं एक वेळ सोडा, दरवर्षी कोणाचं तरी होतंच. पण हे कुठलं नवीन? मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर म्हणून या बाईनं आजवर बरंच काही पाहिलं होतं, असलं काही पाहिलं नव्हतं.

"देज? मुलाकडच्यांनी दिलेलं? म्हणजे लग्न ठरलं हिचं?"

पुनम खांबाला टेकून उभी होती. एमएस्सीचं शेवटचं सत्र, विषय भौतिकशास्त्र, वर्गात पहिली. काल मेसमध्ये मॅडमच्या शेजारी बसून जेवली होती आणि एका शब्दानं बोलली नव्हती.

"होळी झाली की," ती खाली बघत म्हणाली.

होळी अगदी तोंडावर आली होती. परीक्षा एप्रिलात. मॅडमच्या डोक्यात तिडीक गेली.

"लाज नाही वाटत?" त्या जामसिंगवर तुटून पडल्या. "शिकती पोरगी विकली, आणि वर मला वाटा आणून देता?"

जामसिंगचे हात तसेच पुढं राहिले. चेहरा मात्र कोणी थोबाडीत मारल्यासारखा झाला. आतून टाळ्या ऐकू येत होत्या, पुढच्या कोणाचा तरी सत्कार चालला होता.

"मॅडम, विकत नाही कोणी," पुनमचा आवाज बारीक होता, पण ती थांबली नाही. "तुमच्यात मुलीचा बाप देतो, आणि देऊन वर हातही तोच जोडतो. आमच्यात मुलाकडचे देतात. जिनं नाहीतर ज्यानं मुलीला वाढवलं, त्याला. घरातलं कामाचं माणूस आपल्याकडं येणार, त्याचा मान असतो तो."

मॅडमना आपलंच घर आठवलं. धाकट्या बहिणीच्या लग्नात त्यांचं भडगावचं शेत गेलं होतं आणि मांडवात त्यांच्या वडिलांनीच सगळ्यांपुढं हात जोडले होते. आपण कोणाला काय बोलून बसलो, हे आता त्यांना कळलं.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या. "पण मग तुम्ही घ्या ना. बाप तुम्ही आहात."

जामसिंगनं मान हलवली. अर्धी अहिराणी, अर्धी मराठी करत तो सावकाश बोलला. पोर बारावीनंतर इकडं आली. तिला कावीळ झाली तेव्हा दवाखान्यात कोण बसलं? पहिल्या वर्षी ती रडून रडून घरी निघाली, तिला स्टँडवरून परत कोणी आणलं? मी तिला न्यायला आलो होतो, मला वसतिगृहाच्या दारातून हाकललं कोणी?

"तुम्ही," तो म्हणाला. "मंग बाप कोन?"

गावच्या पंचांना विचारलं, असंही त्यानं सांगितलं. पंच आधी हसले. मग हो म्हणाले.

आता बेचाळीस वर्षांच्या, लग्न न केलेल्या बाईला भर दुपारी कोणी बाप करून टाकलं, तर तिनं करावं तरी काय? मॅडम पायरीवर बसल्या. कुलगुरूंच्या भाषणानं त्यांना काही झालं नव्हतं. आता त्यांनी खांद्यावरची शाल काढून बाजूला ठेवली.

"आणि मी घेतलं तर?"

"देज घेणारा लग्नाचा दिवस ठरवतो," पुनम म्हणाली. पहिल्यांदाच तिनं वर बघितलं. "मग बाचं काही चालत नाही. मुलाकडच्यांचंही नाही."

मॅडमच्या आता ध्यानात आलं.

"हे तू सुचवलंस?"

"बानंच सुचवलं. मी फक्त नाही म्हटलं नाही."

मॅडमनी साखळी हातात घेतली. चांगलीच वजनदार होती.

"मुलगा कसा आहे?"

"चांगला आहे. शिरपूरला मोटारी दुरुस्त करतो. मला आवडतो."

"मग दिवस कुठला सांगू?"

हे तिला आजवर कोणीच विचारलं नसावं, ना बापानं ना मॅडमनी. पुनम गडबडली. बापाकडं बघितलं, मॅडमकडं बघितलं, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि सोडलं.

"पुढच्या वर्षीची होळी झाल्यावर," ती म्हणाली. "आणि पीएचडीला नंबर लागला, तर तिच्या पुढची."

जामसिंगनं आ वासला. त्याला वाटलं होतं, मॅडम मागून मागून महिनाभर मागतील. पण साखळी तर हातातून गेली होती.

तेवढ्यात बाहेर लिंबाखाली थांबलेला मुलाचा काका विडी विझवत व्हरांड्यात आला. मुलाकडून ठरवाठरवी तोच करत होता.

"काय जामसिंग, दिन ठरना का?"

जामसिंग काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. मग त्यानं पायरीवर बसलेल्या शिल्पा मॅडमकडं बोट केलं.

"माले काय इचारस?" तो म्हणाला. "बापले इचार."