दुसऱ्या डिस्कवरची आई

आई गेल्यावर थोरल्याला तिच्या व्हिडिओंचा पुळका आला. घरच्या सर्व्हरमध्ये त्याने दोन डिस्क बसवल्या. एकीवरचं सगळं आपोआप दुसरीवरही उमटणार होतं.

"मदरबोर्डातच सोय आहे की, दादा," धाकटी बहीण म्हणाली.

"बोर्ड मुकाट नक्कल करतो. सॉफ्टवेअर दोन्ही प्रती ताडून बघतं."

"आई होती तेव्हा एकदा येऊन बघितलं असतंस, तर हा खटाटोप कशाला लागला असता?"

त्याने सॉफ्टवेअर चालू केलं.

एक फाइल जुळेना. धाकटीनेच काढलेला शेवटचा व्हिडिओ. पहिल्या डिस्कवर आई पलंगावर पडल्या पडल्या विचारत होती, "दादा आला का गं?" कॅमेऱ्यामागून धाकटी म्हणत होती, "येतोय."

दुसऱ्या डिस्कवरही तोच प्रश्न, तेच उत्तर. फक्त आईचे पाय पलंगाखाली चपला चाचपडत होते.

धाकटी पांढरीफटक पडली. "तिला कूससुद्धा बदलता येत नव्हती रे."

त्याने दुसरी डिस्क पुसली, पहिलीवरून पुन्हा भरली, पुन्हा ताडली. तीच फाइल जुळेना.

आता दुसऱ्या डिस्कवर पलंग रिकामा होता. व्हिडिओतली धाकटी ओरडत होती, "आई, कुठे निघालीस?"

चित्राबाहेरून आई दमल्या आवाजात म्हणाली, "तो येत नाही ना? मग मीच जाते त्याच्याकडे."