कॉम्प्युटरचा स्वेटर

घरांचे नकाशे काढणाऱ्या जावयाचा कॉम्प्युटर रोज ऐन कामात अडकून बसायचा, दुरुस्तीच्या दुकानात मात्र दिवसभर शहाण्या मुलासारखा चालायचा. "याला काही झालेलं नाही," म्हणून दुकानदारानं तो दुसऱ्यांदा परत पाठवला. घरी त्यावर लोकरीचं कव्हर चढवताना जावयाचे हात थबकले. कायमच्या राहायला आलेल्या सासूबाईंनी "जावईबापू, धूळ फार बसते" म्हणत, पुढे बटणापुरती जागा सोडून ते विणलं होतं. त्यात मागचा पंखा गुदमरत होता. पण हे त्यांना कोणत्या तोंडानं सांगायचं? तो काम करताना कव्हर गुपचूप काढायचा, त्यांची चाहूल लागली की चढवायचा. एका सकाळी कव्हर जागेवर नव्हतं. सासूबाई त्याची मागची बाजू उसवून पंख्याएवढी खिडकी विणत होत्या. "स्वेटर टोचला की माझी लेक तोंडावर सांगायची," त्या म्हणाल्या. "तू कशाला लाजतोस रे?"