ढोक सरांचा वर्ग

गावच्या हायस्कूलच्या पहिल्या बॅचचा मेळावा मनीषनगरच्या हॉलमध्ये रंगला होता. टिनाच्या शेडात भरणारा वर्ग आणि त्याला गप्प करायला तासभर डस्टर आपटणारे ढोक सर आठवून सगळे पोट धरून हसले. मग सूत्रसंचालन करणाऱ्या देवकीने दिवंगत शिक्षकांची नावं वाचली. त्यात ढोक सरही होते. मागे ते धंतोलीच्या दवाखान्यात भरती झाल्याचं कळताच बॅचच्या ग्रुपवर श्रद्धांजल्यांची रीघ लागली होती; खात्री कोण करतो. सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले.

देवकीने डोळे उघडले, तर मागच्या रांगेत काठीवर रेलून ढोक सर उभे. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"सर, तुम्ही मले मधातच थांबवलं काहून नाही?"

 

"कसा थांबवू वं? या वर्गाले चूप राहिलेलं मी आज पहिल्यांदाच पाह्यलं."