दांडा न धरता

"मावशी, तोल उजवीकडे जातोय. डावीकडे सावरा आणि बाजूचा दांडा धरा," फिजिओथेरपिस्ट म्हणाली.

तोल जाईल त्या बाजूला थरथरणारा पट्टा मावशींच्या कमरेला होता. दांडा त्यांनी धरला नाही. मोरीत पुन्हा पडल्यावर त्यांचं चालणंच बंद करायला निघालेला मुलगा व्हीलचेअर घेऊन दाराशी उभा होता.

पट्टा परत थरथरला. ही थरथर ओळखीची होती. एसटीत कंडक्टर असताना घाटात ती तळपायांतून वर यायची. दोन्ही हात तिकिटांत गुंतलेले असायचे, तरी अंग आपसूक सावरायचं. घरातली फरशी मेली काहीच सांगत नव्हती.

मावशी भिंतीपर्यंत चालत गेल्या आणि वळल्या.

"आई, बस आता," मुलाने खुर्ची पुढे ढकलली.

"तूच बस," त्या म्हणाल्या. "सगळी तिकिटं झाल्याशिवाय कंडक्टर बसत नसतो."