चाळीस मिलिअँपिअर

समुद्रावरून परत निघताना सुशांत होडीतल्या छोट्या रेडिओ-बोर्डाचं बटण दोनदा दाबायचा. मग मिठबावच्या घरातला जोडीचा बोर्ड दोनदा जागा व्हायचा आणि आई भात चढवायची. जोडी तन्वीने, बहिणीने, बनवलेली.

आठ महिन्यांपूर्वी होडी बुडाली. सुशांत मिळाला नाही. त्याचा बोर्ड जाळ्यात आला, खाऱ्या पाण्याने खाल्लेला.

घरातला बोर्ड मात्र आता सतत चाळीस मिलिअँपिअर वीज खात होता. झोपेत त्याला पाच पुरत. चाळीस लागत ते जागं होऊन हाक ऐकताना.

"साद घालता गो तो," आई म्हणाली.

"शॉर्ट झालो असतलो, आये."

दोष सापडल्याशिवाय आई वाट बघणं सोडणार नव्हती. भर दुपारी तन्वीने बोर्डाला मीटर लावला आणि अँटेना काढली. चाळीस. दिवा काढला. चाळीस. शेवटी तिने हाक ऐकणारी रेडिओची चिपच काढून बाजूला ठेवली.

आकडा पाचावर आला. दोष चिपमध्येच होता. आता आईला सांगायला हवं होतं. तन्वीने डोळे पुसले आणि पुन्हा मीटरकडे पाहिलं.

चाळीस. पाच. चाळीस. पाच.

स्वयंपाकघरातून मीटर दिसत नाही. तिथे आईने तांदूळ धुवायला घेतले होते.