आजोबांमागून

वॉर्डातल्या आजोबांचं हृदय वेडंवाकडं धडधडायचं. आधीच्या ठोक्यांवरून पुढचा ठोका ओळखणारा प्रोग्रॅम डॉक्टरबाईंनी लिहिला होता. अंदाज जितका चुकेल, तितकी त्या ठोक्यात नवी माहिती. आजोबांपुढे मात्र प्रोग्रॅमनं केव्हाच हात टेकले होते.

त्या दुपारी तुलनेसाठी म्हणून बाईंनी स्वतःच्या ठणठणीत छातीला वायरी लावल्या. प्रोग्रॅमनं त्यांचा प्रत्येक ठोका अचूक ओळखला, पण बाईंच्या आधीच्या ठोक्यांवरून नव्हे, आजोबांच्या आलेखावरून. आजोबांचा ठोका अडखळला की क्षणभरानं बाईंचाही तसाच अडखळत होता.

"वायरींची अदलाबदल झाली असेल," त्या नर्सला म्हणाल्या.

नर्सनं एकेक वायर तपासली. "सगळं जागच्या जागी आहे, मॅडम."

बाई शेजारच्या खोलीतल्या यंत्राच्या वायरी लावून बसल्या. तिथंही तेच. त्या धावतच परतल्या.

"आजोबा, बरं वाटतंय ना?"

आजोबा मायेनं हसले. "दमलीस ना, पोरी? चल, थांबू या आता."

त्यांनी डोळे मिटले. पडद्यावरची त्यांची रेघ सरळ झाली. नर्स ओरडत दाराकडे धावली.

बाई जागच्या हलल्या नाहीत. छातीवर हात दाबून त्या आपल्या ठोक्याची वाट बघत होत्या.