पेरूचा घमघमाट

"अगं वनमाला, तुझ्या शेडमधून पिकल्या पेरूचा वास येतोय!" कुंपणापलीकडून थोरल्या जाऊबाई, दमयंतीबाई, ओरडल्या.

वनमालाच्या हातातली बादली खाली आपटली. सर्दीनं नाक चोंदल्यामुळे तिला काहीच कळलं नव्हतं. आसपास पेरूचं झाडही नव्हतं. कोंबडीच्या पिल्लांच्या खाद्यात मुद्दाम मिसळलेले खास जिवाणू पिल्लांच्या आतड्याला सूज येऊ लागली की हा वास सोडत, विष्ठेत रक्त दिसण्याच्या खूप आधी.

"वहिनी, आत या! कुठून येतोय तेवढं सांगा!"

घरं वेगळी झाल्यापासून दमयंतीबाईंनी इकडे पाऊल टाकलं नव्हतं. आता मात्र चपला दाराशीच टाकून त्या आत धावल्या आणि वाकून हुंगत हुंगत पाण्याच्या भांड्यापाशी थांबल्या. "इथं! नुसता घमघमाट सुटलाय!"

भांडं गळून खाली अंथरलेलं भाताचं तूस ओलं झालं होतं. तिथं पाच-सहा पिल्लं पंख पाडून, डोळे मिटून एकमेकांना चिकटून बसली होती. वनमालानं ती वेगळ्या खोक्यात ठेवली, ओलं तूस बाहेर टाकलं आणि सगळ्याच भांड्यांत औषधाचं पाणी भरलं. दमयंतीबाई कोरडं तूस पसरता पसरता सारखं विचारत होत्या, "वाचतील ना गं?"

पुढं रोज सकाळी त्या हुंगायला येऊ लागल्या. एके दिवशी खोक्यातलं एक पिल्लू मान ताठ करून पाण्याकडे धावलं, आणि त्याच्यामागे बाकीचीही.

"वहिनी, वास?" वनमालानं घाईघाईनं विचारलं.

दमयंतीबाईंनी छातीभर श्वास घेतला. "कोंबड्यांचा गं! नुसता कोंबड्यांचा!"

दोघी खदखदून हसल्या.